चित्रसंपादनाचा नवशिका : डार्करूमपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

प्रस्तावना

चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर प्रथमच उघडणाऱ्या विद्यार्थ्याला पडद्याच्या कडेला छोट्या चिन्हांची एक पट्टी दिसते. तिच्यात दोरीचा फास असतो, रंगाची बादली असते, खोडरबर असतो, लाकडी मुठीचा शिक्का असतो. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तारेवर बसवलेली एक चकती आणि बोटे वळवलेला एक हातही असतो. बादली किंवा खोडरबर कशासाठी आहे हे कोणीही ओळखेल. पण फोटोचा एखादा भाग उजळ करायचा तर चकती आणि गडद करायचा तर हात, ही जोडी कोठून आली? ‘मास्क’, ‘कर्व्हज’, ‘लेयर’ ही नावे कोणी दिली?

ही चिन्हे आणि नावे जुन्या व्यवसायांतून आली आहेत. ती शिकताना विद्यार्थी नकळत सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास हाताळत असतो. या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. पहिली, संपादनाची साधने कोणत्या कामातून जन्मली. दुसरी, हे काम शिकणाऱ्या नवशिक्याची परिस्थिती काळानुसार कशी बदलली. तिसरी, या बदलात समाजाने काय कमावले आणि कोणती जबाबदारी ओढवून घेतली.

१. डार्करूममधील उमेदवारी

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि १८४० च्या दशकात ती भारतात पोचली. १८५४ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे भारतीय छायाचित्रकार त्यातून तयार झाले. छायाचित्रण ही वर्गात बसून शिकण्याची विद्या आहे, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

छायाचित्रात बदल करण्याची कलाही जवळजवळ तेवढीच जुनी. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे एकच मोठे चित्र तयार केले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून आजारी मुलीच्या मृत्युशय्येचे दृश्य रचले. अनेक चित्रांतून एक चित्र करणे ही संगणकाची देणगी आहे, असे मानणाऱ्याने हे दोन सन लक्षात ठेवावेत.

स्टुडिओतले रोजचे काम मात्र साधे असे. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा मारून चेहऱ्यावरील डाग आणि सुरकुत्या झाकणे, याला ‘रिटचिंग’ म्हणत. निगेटिव्हवर जेथे शिसे बसे तेथून प्रकाश कमी जाई आणि प्रिंटवर तो भाग उजळ दिसे. म्हणजे रिटचिंग करणाऱ्याला उलट्या चित्रावर काम करावे लागे आणि सुलट्या चित्राचा अंदाज डोक्यात ठेवावा लागे. भारतीय स्टुडिओंमध्ये कृष्णधवल प्रिंटवर हाताने रंग भरणारे चित्रकारही असत. त्यांच्यापैकी अनेकांनी फोटोवर इतका रंग चढवला की खाली फोटो आहे हे शोधावे लागते.

आता चकती आणि हाताकडे येऊ. निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश टाकून प्रिंट काढताना जेथे जास्त प्रकाश पडेल तेथे कागद जास्त काळा होतो. चेहरा फार काळा येत असेल, तर कारागीर तारेला पुठ्ठ्याची चकती लावून ती काही सेकंद प्रकाशाच्या वाटेत धरत असे. याला ‘डॉजिंग’ म्हणत. आकाश फार पांढरे येत असेल, तर उरलेला कागद तळहातांनी झाकून, बोटांच्या फटीतून फक्त आकाशावर जादा प्रकाश सोडत असे. याला ‘बर्निंग’ म्हणत. चकती किंवा हात सतत हलता ठेवावा लागे, नाहीतर त्याची कडा प्रिंटवर उमटत असे. सॉफ्टवेअरमधील चिन्ह हे या हालचालीचे चित्र आहे.

इतर नावांचीही अशीच वंशावळ आहे. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी प्रकाशाचे प्रमाण आणि त्यामुळे येणारा काळेपणा यांचा संबंध वक्ररेषेने दाखवला. आजचे ‘कर्व्हज’ हे साधन त्याच विचाराच्या कुळातले आहे. ‘अनशार्प मास्क’ हे नाव ऐकून नवशिके गोंधळतात, कारण ‘अनशार्प’ म्हणजे अस्पष्ट, आणि साधन तर चित्र रेखीव करते! खुलासा डार्करूममध्ये मिळतो. मूळ निगेटिव्हची एक मुद्दाम अस्पष्ट पॉझिटिव्ह प्रत काढून ती निगेटिव्हला जोडली, की कडांभोवतीचा फरक वाढतो आणि प्रिंट अधिक स्पष्ट भासते. मास्क अस्पष्ट, चित्र स्पष्ट. एकावर एक पारदर्शक ‘लेयर’ ठेवण्याची सवय ॲनिमेशनवाल्यांना १९१४-१५ पासून होती. अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रे काढून ती स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याची पद्धत आणली होती.

या सगळ्या काळात नवशिक्याची परिस्थिती कशी होती? तो उमेदवार असे. आधी ट्रे धुणे, रसायने कालवणे, प्रिंट वाळवणे, आणि उस्तादाचा विश्वास बसल्यावर निगेटिव्हला हात लावणे. या क्रमाला सबळ कारण होते. चूक झाली तर कागद वाया जाई, आणि निगेटिव्ह बिघडली तर ते चित्रच कायमचे जाई. ज्या कामात चूक महाग असते, ते काम शिकण्याची दारे आपोआप अरुंद होतात. हा मुद्दा पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

२. चित्राचे आकडे झाले

१९५७ मध्ये अमेरिकेच्या ‘नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स’ या संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक स्कॅनर बनवला. किर्श यांच्या तान्ह्या मुलाचा छोटा फोटो त्यांनी संगणकात घातला. त्याची लांबी १७६ पिक्सेल आणि रुंदी १७६ पिक्सेल, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. आजच्या साध्या मोबाइलचा फोटोही याच्या कित्येक पट मोठा असतो. पण तत्त्वतः निर्णायक पाऊल येथेच पडले. फोटो आकड्यांची सारणी झाला, आणि आकडे बदलता येतात, त्यांची हुबेहूब प्रत काढता येते.

प्रत्यक्ष पडद्यावर रंगवण्याचे काम १९७० च्या दशकात सुरू झाले. रिचर्ड शूप यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘सुपरपेंट’ कार्यान्वित केले. याच दशकाच्या उत्तरार्धात ‘न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’मध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक पिक्सेलला रंगाबरोबर पारदर्शकतेचाही आकडा जोडला. त्याला ‘अल्फा चॅनेल’ म्हणतात. एका चित्राच्या कडा दुसऱ्यात सहज मिसळतात त्या या चौथ्या आकड्यामुळे. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे गणित पद्धतशीर मांडले. लेयरचा ढीग रचताना संगणक आजही तेच गणित करतो.

मात्र ही यंत्रे प्रयोगशाळांत किंवा श्रीमंत दूरचित्रवाणी केंद्रांत होती. १९८१ चे ‘क्वांटेल पेंटबॉक्स’ हे दूरचित्रवाणीसाठी बनवलेले स्वतंत्र यंत्र होते आणि त्याची किंमत एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेर होती. चूक स्वस्त झाली होती, पण चूक करायला मिळणारी खुर्ची महाग होती.

३. १९८४ : चूक मागे घेता येऊ लागली

२४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला. त्याबरोबर बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेला ‘मॅकपेंट’ हा प्रोग्राम होता. त्यात रंग नव्हते, करडी छटाही नव्हती. प्रत्येक ठिपका एकतर काळा किंवा पांढरा. तरीही नवशिक्याच्या इतिहासात मॅकपेंटचे स्थान मोठे आहे. सुसान केअर यांच्या रेखीव चिन्हांमुळे फास, बादली, पेन्सिल, खोडरबर ही साधने पुस्तक न वाचता ओळखता येऊ लागली. निवडलेल्या भागाभोवती सरकत राहणाऱ्या तुटक रेषा, ज्यांना आज मुंग्यांची रांग म्हणतात, त्याही ॲटकिन्सन यांनी येथेच आणल्या. आणि शेवटची कृती मागे घेणारी ‘अनडू’ ही आज्ञा सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली.

‘अनडू’चे महत्त्व तांत्रिक आहे त्याहून शैक्षणिक अधिक आहे. उमेदवार आधी पाहून, मग विचारून, मग भीत भीत करून शिकत असे. अनडू मिळालेला नवशिका आधी करून पाहतो आणि मग समजून घेतो. मॅकपेंटमध्ये एकच पाऊल मागे जाता येत होते, तरीही एका पावलाने शिकण्याचा क्रम उलटा केला. १९८५ मध्ये विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर ‘पेंट’ आले. पुढे भारतातील शाळा-महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत असंख्य विद्यार्थ्यांनी माउस धरायचा सराव याच प्रोग्रामवर केला.

४. तळघरातील डार्करूम आणि फोटोशॉप

मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटचे काम करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये आपल्या मॅकिंटॉशच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून छोटे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. त्यांचे भाऊ जॉन नोल हे चित्रपटांच्या विशेष दृश्यपरिणामांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’मध्ये कामाला होते. त्यांनी हे तुकडे जोडून पूर्ण सॉफ्टवेअर करण्याचा आग्रह धरला. या दोघांचे वडील छायाचित्रणाचे हौशी होते आणि घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. मुलांनी तेथे प्रिंट काढायला शिकून घेतले होते. चकती आणि हात त्या तळघरातून संगणकात आले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

ॲडोबी कंपनीने हे सॉफ्टवेअर घेतले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती फक्त मॅकिंटॉशसाठी बाजारात आली. तिच्यात आजच्या अर्थाने लेयर नव्हते. एक तुकडा दुसऱ्या चित्रावर चिकटवला की तो त्यातच मुरून जाई. लेयर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. अनेक पावले मागे जाऊ देणारे ‘हिस्टरी पॅलेट’ १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आले. म्हणजे नवशिक्याची सुरक्षितता टप्प्याटप्प्याने वाढली: आधी एक पाऊल मागे, मग मूळ चित्राला धक्का न लावणारा थर, मग पूर्ण इतिहास. आज शिकवणीच्या पहिल्याच तासाला मिळणाऱ्या या सोयी व्यवसायातील लोकांनाही काही वर्षे उपलब्ध नव्हत्या.

भारतात याच सुमारास डीटीपीचा व्यवसाय वाढत होता. लग्नपत्रिका, जाहिराती आणि पुढे फ्लेक्स करणाऱ्या दुकानांत फोटोशॉप पोचले. तेथील तरुण ऑपरेटरने हे सॉफ्टवेअर बहुधा मालकाशेजारी बसून, काम करता करता शिकून घेतले. साधन नवे, पण शिकण्याची रीत जुनी, उमेदवारीची. गावोगावच्या फोटो स्टुडिओंत पेन्सिलीने रिटचिंग करणारा हात हळूहळू माउसवर आला.

५. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी : गिंप

चूक स्वस्त झाली, चिन्हे समजू लागली, तरी एक अडसर राहिला: परवान्याची किंमत. १९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ लिहायला घेतले. पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९६ मध्ये आली, १.० आवृत्ती १९९८ मध्ये. गिंप मुक्त सॉफ्टवेअर आहे: कोणीही ते वापरावे, त्याचा मूळ कोड वाचावा, बदलावा, वाटावा. गिंपच्या फाइलला ‘एक्ससीएफ’ हे शेपूट असते. ते बर्कलीतील ज्या विद्यार्थी गटात हे काम झाले, त्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

येथे एक उपकथानक लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुरुवातीचे गिंप खिडक्या, बटणे दाखवण्यासाठी ‘मोटिफ’ या व्यावसायिक संचावर अवलंबून होते. मुक्त सॉफ्टवेअरचा पाया परवान्यात अडकू नये म्हणून या विद्यार्थ्यांनी स्वतःचा संच लिहिला: ‘गिंप टूलकिट’, म्हणजे जीटीके. पुढे लिनक्सवरील ‘ग्नोम’ हे संपूर्ण डेस्कटॉप याच जीटीकेवर उभे राहिले. चित्र रंगवण्याच्या प्रोग्रामची गरज भागवताना दोन विद्यार्थ्यांनी लाखो लोकांच्या रोजच्या पडद्याची पायाभरणी केली.

२०१३ मध्ये ॲडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे थांबवून वर्गणीची पद्धत स्वीकारली. ज्याला महिन्याला ठरावीक रक्कम भरणे परवडते त्याला यातून सतत नव्या सोयी मिळतात. ज्याला परवडत नाही, त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने गिंपसारख्या पर्यायाचे मोल मात्र वाढले. कोणते सॉफ्टवेअर श्रेष्ठ, हा येथील प्रश्न नाही. शिकण्याचे दार कोणाच्या किल्लीने उघडते, हा आहे.

६. आपल्या भाषेतून शिकणे

शेवटचा अडसर भाषेचा. त्याचे दोन भाग आहेत. पहिला, चित्रावर आपली लिपी नीट उमटणे. देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या नंतर उच्चारला जातो पण आधी लिहिला जातो, आणि जोडाक्षरे स्वतंत्र आकार घेतात. हा क्रम न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्थिती’ हा शब्द मोडून पडतो. त्यामुळे आपल्याकडील डीटीपीवाले बरीच वर्षे खास फाँट आणि खास कीबोर्ड वापरत. २००४ मधील गिंप २.० चे अक्षरलेखन ‘पँगो’ या मुक्त संचावर आधारले गेले. जगातील अनेक लिप्या नीट मांडणे हाच पँगोचा उद्देश असल्यामुळे युनिकोडमधील मराठी, बंगाली, तमिळ थेट चित्रावर लिहिणे शक्य झाले.

दुसरा भाग म्हणजे धडे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय मोहिमेच्या साहाय्याने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे दृक्-श्राव्य धडे तयार केले आणि ते भारतीय भाषांत उपलब्ध केले. गिंपची मालिका जर्मनीतील ब्रेमेनचे रॉल्फ स्टाइनॉर्ट यांच्या ‘मीट द गिंप’ या मुक्त धड्यांवर आधारलेली आहे. पडद्यावर इंग्रजी मेनू आणि कानावर आपली भाषा, अशी ही योजना. विद्यार्थ्याने एका खिडकीत धडा आणि दुसऱ्या खिडकीत गिंप ठेवायचे, धडा थांबवत थांबवत तीच कृती करायची. पाहा, उमेदवार उस्तादाशेजारी बसून हेच करत होता. फरक इतकाच की हा उस्ताद हवा तितक्या वेळा तेच पुन्हा दाखवतो, आणि त्याच्याकडे जाण्यासाठी ओळख लागत नाही.

७. स्वस्त चुकीची किंमत

आतापर्यंतची कहाणी दारे उघडण्याची आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरी बाजूही पाहावी. सोव्हिएत गुप्त पोलिसांचे प्रमुख निकोलाय येझोव्ह मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी उभे होते. १९४० मध्ये त्यांना मृत्युदंड दिल्यानंतर त्या छायाचित्रातून त्यांना पुसण्यात आले आणि त्यांच्या जागी पाणी आले. ते काम कुशल कारागिराचे होते आणि त्यामागे राज्यसत्ता होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने गिझाचे पिरॅमिड उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून संगणकाने एकमेकांजवळ आणले. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ने ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून छापला. ‘न्यूजवीक’ने तोच फोटो फेरफार न करता छापल्यामुळे फरक सर्वांना दिसला आणि मोठी टीका झाली.

शेवटच्या उदाहरणात वापरलेली कृती तांत्रिकदृष्ट्या साधीच होती: चित्र गडद करणे. डार्करूममध्ये ती रोज होत असे. म्हणून फसवणूक साधनात शोधू नये. चित्राने पाहणाऱ्याला दिलेले वचन मोडले का, हे पाहावे. लग्नाच्या अल्बमचे वचन वेगळे, बातमीच्या फोटोचे वेगळे. वृत्तसंस्थांचे नियम साधारणपणे माफक उजळ-गडद करू देतात, पण चित्रात वस्तू घालू किंवा त्यातून काढू देत नाहीत. पूर्वी कौशल्य दुर्मीळ होते, म्हणून फेरफारही मोजके होते. आता कौशल्य सर्वांकडे येऊ शकते, तेव्हा विवेकही सर्वांकडे असावा लागतो.

या इतिहासातून नवशिक्यासाठी कामाचा एक क्रम निघतो. मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवर काम करावे. निगेटिव्ह जपणाऱ्यांचा हा नियम आहे. आधी कापून चौकट ठरवावी, मग कर्व्हजने छटा सुधाराव्यात, नंतर निवड आणि मास्क शिकावेत. प्रत्येक बदल वेगळ्या लेयरवर करावा, म्हणजे काय बदलले हे आपल्याला आणि इतरांना दाखवता येते. काम चालू असताना फाइल एक्ससीएफमध्ये ठेवावी. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत आणि पुन्हा पुन्हा साठवल्यास चित्राचा तपशील कमी होत जातो.

सारांश

चित्रसंपादनाची साधने डार्करूम, ॲनिमेशन आणि छपाई यांतून आली. संगणकाने त्यांत मोलाची भर घातली ती चूक परत घेण्याच्या सोयीची. अनडू, लेयर आणि हिस्टरी यांनी चुकीची किंमत कमी केली, मुक्त परवान्यांनी साधनाची आणि भारतीय भाषांतील धड्यांनी ज्ञानाची. प्रत्येक टप्प्यावर शिकणाऱ्यांची संख्या वाढली आणि छायाचित्रावरचा आंधळा विश्वास कमी झाला. जो स्वतः चित्र बदलायला शिकतो, तो दुसऱ्याने बदललेले चित्र ओळखायलाही शिकतो. सामान्य पदवी अभ्यासक्रमातही हा विषय असावा, याचे हे पुरेसे कारण आहे.

स्वाध्याय

१. डॉजिंग आणि बर्निंग या प्रक्रिया स्पष्ट करा. सॉफ्टवेअरमधील कोणती चिन्हे त्यांची आठवण देतात?

२. ‘चूक महाग असते तेथे शिकण्याची दारे अरुंद होतात’ या विधानाची मॅकपेंट आणि फोटोशॉप यांच्या आधारे चर्चा करा.

३. गिंपमुळे जीटीके कसे निर्माण झाले? मुक्त परवान्याचा त्याच्याशी काय संबंध आहे?

४. आपल्या घरातील एखादा जुना स्टुडिओ फोटो पाहा. त्यावर रिटचिंगच्या किंवा हाताने रंग भरल्याच्या कोणत्या खुणा दिसतात, ते दहा ओळींत लिहा.